रविवारी लांब, आणि सावकाश

श्रोतेहो, नमस्कार.

कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे मैदानावर जा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पळताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. आणि तयारी काय? तर रोज तेवढंच अंतर, रोज जीव खाऊन, रोज घड्याळ लावून. सुरुवातीला वेळ भराभर कमी होते, मग एका आकड्यावर जी अडकते ती हलत नाही. नडग्या दुखायला लागतात ते वेगळंच. या मुलांना, आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला जाणाऱ्या हौशी मंडळींनाही, मला आज एकच सांगायचंय. आठवड्यातून एकदा लांब पळा आणि सावकाश पळा. लांब, आणि सावकाश.

“अहो सर, सोळाशेच मारायचंय, मग पंधरा किलोमीटर कशाला?” हे मला नेहमी ऐकावं लागतं. त्यावर माझ्याकडे एक गोष्ट आहे.

न्यूझीलंडमधलं ऑकलंड शहर. तिथे आर्थर लिडियार्ड नावाचा एक गृहस्थ बुटांच्या कारखान्यात नोकरी करायचा. रग्बी खेळायचा, त्यामुळे आपण ठणठणीत आहोत अशी त्याची पक्की समजूत. एकदा एका मुरलेल्या धावपटूसोबत तो पाच मैल पळायला गेला आणि असा काही धापा टाकायला लागला की ती समजूत तिथेच संपली. मग गड्यानं स्वतःवरच प्रयोग सुरू केले. कधी थोडं पळून बघ, कधी आठवड्याला शंभर मैलांच्याही वर जाऊन बघ. काही वर्षं हेच. त्यातून तो १९५३ आणि १९५५ असा दोनदा न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता झाला.

मग आसपासची पोरं त्याच्याकडे यायला लागली. त्याचा एक नियम होता. रविवारी वायटाकेरेच्या डोंगरातून वळणावळणाच्या चढाची २२ मैलांची फेरी. म्हणजे आपले ३५ किलोमीटर! मॅरेथॉनवाला असो की ८०० मीटरवाला, फेरी सगळ्यांना तीच. त्यांत पीटर स्नेल नावाचा एक दणकट अंगाचा पोरगा होता, आधी टेनिस खेळणारा. त्याची शर्यत ८०० मीटरची, दोन मिनिटांच्या आत संपणारी. आणि त्याला पळवतोय ३५ किलोमीटर! लोकांनी लिडियार्डला वेड्यात काढलं.

२ सप्टेंबर १९६०. रोम ऑलिंपिक, ८०० मीटरची अंतिम शर्यत. तीन दिवसांत चार वेळा पळायचं होतं बरं का, फेरीमागून फेरी. चौथ्या वेळी भल्याभल्यांचे पाय जड झालेले. बेल्जियमचा रॉजर मोएन्स, त्या वेळचा विश्वविक्रमवीर, शेवटच्या सरळ टप्प्यात सगळ्यांच्या पुढे. कोण येतंय म्हणून तो उजवीकडे वळून बघतो, आणि स्नेल डावीकडून, आतल्या बाजूनं, पुढे! १ मिनिट ४६.३ सेकंद. सुवर्ण.

थांबा, अजून आहे. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, थोड्याच वेळात ५००० मीटर. लिडियार्डचाच दुसरा चेला, मरे हॅल्बर्ग. रग्बीतल्या दुखापतीनं त्याचा डावा हात कायमचा अधू झालेला. तीन फेऱ्या बाकी असताना तो एकदम सुटला. मागचे म्हणाले असतील, दमेल आता. तो दमला, अगदी पार दमला, पण रेघ ओलांडून मग खाली कोसळला. दुसरं सुवर्ण. आणि काही दिवसांनी मॅरेथॉनमध्ये तिसरा चेला, बॅरी मॅगी, कांस्य घेऊन आला. तिघेही त्याच रविवारच्या फेरीतले.

पुढचं तर याहून भारी. डिसेंबर १९६१ मध्ये स्नेल पूर्ण मॅरेथॉन पळाला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९६२ ला, वांगानुई गावात एक मैलाचा विश्वविक्रम केला, ३ मिनिटं ५४.४ सेकंद. आणि कशावर? गवतावर! साध्या गवताच्या ट्रॅकवर. आमच्याकडे मात्र सिंथेटिक ट्रॅकशिवाय खेळाडू घडत नाही म्हणतात. ट्रॅक होतो, फीत कापली जाते, मग दाराला कुलूप, आणि पोरं परत डांबरी रस्त्यावर. असो.

आपल्याकडेही उदाहरण आहे. माण तालुक्याची ललिता बाबर. आधी मुंबई मॅरेथॉन गाजवली, मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये थेट अंतिम फेरीत धावली.

आता याचं कारण थोडक्यात. सावकाश आणि खूप वेळ पळलं की स्नायूंत रक्ताच्या बारीक वाहिन्या वाढतात, चरबी जाळून चालण्याची सवय लागते, साखरेचा साठा पुरवून वापरला जातो. स्नेल पुढे अमेरिकेत शरीरशास्त्राचा संशोधक झाला. त्याचं म्हणणं असं, की स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात, सावकाश पळायला लागणारे संथ आणि जोरात पळायला लागणारे वेगाचे. खूप वेळ पळल्यावर संथ तंतू थकतात, मग शरीर वेगाच्या तंतूंनाही कामाला लावतं. म्हणजे सावकाश पळतानाच वेगाचे तंतू दमदार होतात.

सावकाश म्हणजे किती? शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, इतकं. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. गप्पा मारता आल्या पाहिजेत. म्हणून एकटे जाऊ नका, आणि कानात ते गाण्यांचे बोळे तर मुळीच घालू नका. मागून डंपर येतो, कळत नाही.

भरतीच्या मुलांनी सहा-सात किलोमीटरपासून सुरुवात करावी आणि हळूहळू दहा-बारावर जावं. मॅरेथॉनवाल्यांनी तीस-बत्तीसपर्यंत, पण महिनोन्‌महिने चढत. हे केलं नाही, तर मुंबई मॅरेथॉनच्या परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला की तिथे चालत जाणाऱ्यांची रांग असते, तिच्यात उभे राहाल.

मार्चनंतर विदर्भ-मराठवाड्यात उजाडायच्या आत परत यायचं. लिंबू-साखर-मिठाचं पाणी आधीच वाटेत कुणाच्या तरी घरी ठेवून द्या. आणि रविवारी लांब पळालात की सोमवारी पळू नका. पोरं ऐकत नाहीत म्हणून पुन्हा सांगतो, सोमवारी पळू नका. नमस्कार.