दिवसा दिसलेलं बदलापूर

हे जे आत्ता दिसतंय ना, हे पहाटे साडेपाचचं बदलापूर स्टेशन. अजून नीट उजाडलेलं नाहीये पण गर्दी बघा. ज्याची त्याची जागा ठरलेली असते, कोणाचा डबा कुठे येतो ते पायांनाच माहीत, डोळे मिटलेले असले तरी चालतं. या गर्दीत मी बावीस वर्षं उभा राहिलोय, आणि खरं सांगू का, मला बदलापूर एवढंच माहीत होतं, सकाळचा प्लॅटफॉर्म आणि रात्रीची रिक्षाची लाईन.

सीएसएमटीपासून 68 किलोमीटर. बाहेरगावी कोणी विचारलं की आम्ही "मुंबईचे" म्हणून सांगतो, आणि रोज सकाळी घरून निघताना म्हणतो "मुंबईला जातोय". दोन्ही खरंच आहे, काय करणार.

रेल्वे इथे जुनी आहे. 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि पुढच्या 3 वर्षांत लाईन इथून खोपोलीपर्यंत गेलीसुद्धा. माणसं मात्र फार उशिरा आली. आमचे बाबा परळच्या चाळीतले, 1982 च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, मग मिळेल ते काम, आणि नव्वदच्या दशकात कधीतरी चाळीतली खोली विकून इथे वन रूम किचन. आई पहिल्या रात्री म्हणाली होती, इथे बेडकांचा किती आवाज येतो. आता येत नाही, बेडकांच्या जागी टॉवर आहे आणि त्यावर बोर्ड आहे की मेट्रो येणार. किती वर्षं येतेय ती.

तर झालं काय, मागच्या मेच्या शेवटी माझा पाय मोडला. स्टेशनवर नाही हं, सगळे तेच विचारतात म्हणून आधीच सांगतो, बिल्डिंगच्याच जिन्यात. डॉक्टरांनी सहा आठवडे घरी बसवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी वीकडेला सकाळी अकरा वाजता बदलापुरात होतो, आणि स्टेशन सोडलं तर हे शूटिंग तेव्हाचंच आहे, गॅलरीतून, मोबाईलवर, म्हणून जरा हलतंय.

अकरा वाजताचं बदलापूर वेगळंच गाव आहे हो. सगळ्यात आधी जाणवली ती शांतता, म्हणजे कमावती माणसं गेली की मागे उरतात म्हातारी माणसं, लहान पोरं आणि कुकरच्या शिट्ट्या. खालच्या बाकावर पाच आजोबा रोज बसतात, पाचही जण रिटायर्ड, पण लोकलचं टाईमटेबल अजून तोंडपाठ, गाडीचा भोंगा वाजला की एक म्हणतो कर्जत, दुसरा म्हणतो नाही रे खोपोली, आणि मग त्यावर पंधरा मिनिटं वाद. कुठे जायचंय त्यांना? कुठेच नाही.

आणि हा डोंगर बघा, तो सुळका दिसतोय ना, तो चंदेरी. माथेरानच्या रांगेतला किल्ला. माझ्या गॅलरीतून दिसतो हे मला पाय मोडल्यावर कळलं, बायको म्हणाली, अहो तो काय काल उगवलाय का.

जूनच्या मध्यात चेकिंगला गेलो, रिक्षा मार्केटमध्ये अडकली आणि तिथे फुटपाथवर आदिवासी बायका बसलेल्या. पानाच्या द्रोणात जांभळं, आणि शेवळं, ती पावसाळी रानभाजी. पहिल्या पावसानंतर थोडे दिवसच मिळतात ती, सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घ्यावी लागतात नाहीतर घसा खाजतो. आमची आई करायची, मग बरीच वर्षं घरात झालीच नाहीत. मी बायकोला म्हटलं, शेवळं आता मिळत नाहीत ना? ती म्हणाली, दर वर्षी मिळतात, तुम्ही रात्री साडेनऊला येता. ती भाजी विकणारी मावशी पहाटे डोंगरापलीकडच्या पाड्यावरून निघते आणि दुपारी टोपली रिकामी करून परत जाते. म्हणजे तिची आणि माझी वेळ एकदाही जुळलेली नाही.

जुलै लागला की मात्र गावात एकच आकडा, 17.50. उल्हास नदीची धोक्याची पातळी, मीटरमध्ये. व्हॉट्सॲपवर सकाळी गुड मॉर्निंगच्या आधी नदीची पातळी येते. 26 जुलै 2005 ला मी ऑफिसातच अडकलो होतो, दुसऱ्या दिवशी रात्री घरी पोचलो, तोपर्यंत तळमजल्यावरच्या लोकांचं सगळं गेलेलं, आणि बायकोने एकटीने शेजारच्या आजींना वर आणलेलं. 2019 ला 27 जुलैला शनिवार होता म्हणून मी घरी होतो. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात उभी, आत हजारावर माणसं, सकाळपासून डोक्यावर हेलिकॉप्टर. टीव्हीवाले दिवसभर आमच्या गावाचं नाव घेत होते आणि आम्ही गच्चीवरून बघत होतो, गाडी काही दिसत नव्हती, नुसतं पाणी.

बाकी तक्रारी आहेतच. पाणी कमी दाबाने येतं, पावसात लाईट जाते, आणि कल्याणच्या पुढे दोनच रूळ, एक जायचा एक यायचा, त्यावरूनच लोकल, त्यावरूनच पुण्याकडच्या एक्सप्रेस, त्यावरूनच मालगाड्या. एक अडकली की सगळ्या अडकल्या. तिसऱ्या-चौथ्या लाईनचं काम चालू आहे. पण थंडीत आम्ही स्वेटर घालून गाडीत बसतो आणि ठाण्याला काढून बॅगेत ठेवतो, ही मजा दादरवाल्यांना नाही कळायची.

प्लास्टर निघालं आणि एका सोमवारी मी परत पहाटे प्लॅटफॉर्मवर. ग्रुपने जागा धरून ठेवली होती, चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथा, पण बसायला मिळालं. गाडी सुटताना मी खिडकीतून चंदेरी शोधला. अंधार होता, काही दिसलं नाही.

मागच्या रविवारी मार्केटमध्ये ती शेवळंवाली मावशी भेटली, आता तिच्याकडे कर्टुली होती. म्हणाली, "दादा, पाय बरा झाला का?" मी पाव किलो मागितली. तिने मुठीने अजून थोडी वर टाकली आणि म्हणाली, आता काय, तुम्ही पुढच्या पावसात.