पोथीची जाडी आणि पाठभेद

मित्रहो, आपल्या पंचगंगेतली वाम मासळी डोळ्यांपुढे आणा. आता तिचा जबडा काढा, खवले काढा, छातीजवळचे पर काढा आणि डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना सात-सात भोकं पाडा. उरेल ते साधारण लॅम्प्रे नावाच्या मासळीसारखं दिसेल. नात्याने मात्र दोघी फार लांबच्या. लॅम्प्रे भारतात नाही, ती थंड मुलखातली. पण दक्षिण आफ्रिकेत मिळालेला तिचा 36 कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म बघितला, तरी ते गोल तोंड लगेच ओळखू येतं.

तिचा जीनोम, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएची पोथी, मोजायचा कसा? पेशींच्या केंद्रकांना डीएनएला चिकटणारा रंग द्यायचा, चमक मोजायची आणि ती कोंबडीच्या रक्तपेशींसारख्या माहितीतल्या मापाशी ताडून बघायची. लॅम्प्रेच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे रक्ताचा थेंब पुरतो.

आणि इथेच फसगत होते. भ्रूण वाढू लागला की लॅम्प्रेच्या शरीरपेशी आपल्या डीएनएचा एक भाग चक्क टाकून देतात. तो पूर्ण राहतो फक्त बीजपेशींत, म्हणजे अंडी आणि वीर्य ज्यांपासून बनतं त्या पेशींत. समुद्री लॅम्प्रेमध्ये हा टाकलेला वाटा सुमारे 20 टक्के आहे, हे 2009 मध्ये कळलं. 2013 मध्ये वाचलेला तिचा जीनोम यकृताच्या पेशींचा होता, म्हणजे पानं फाडलेली पोथी. 2018 मध्ये जेरेमाया स्मिथ यांच्या गटाने वीर्यपेशींतली अखंड पोथी वाचली. रक्तावरून काढलेला आकडा खोटा नसतो, पण तो कुठल्या पेशीचा हे सांगितल्याशिवाय मला तो अपुरा वाटतो.

पोथी जाड म्हणजे विविधता जास्त, असंही नाही. विविधता म्हणजे पाठभेद, एकाच जातीतल्या माशामाशांच्या डीएनएतले फरक. एकाच गावात शंभर प्रती आहेत, पण सगळ्या एकाच प्रतीवरून उतरवलेल्या, तर जाडी कितीही असो, पाठभेद कुठून येणार?

युरोपातली ओढ्यांतली लॅम्प्रे बघा. जेमतेम वीतभर. पाच-सहा वर्षं गाळात अळी म्हणून राहते, पाण्यातले कण गाळून खाते. मोठी झाली की खाणंच बंद. अंडी घालते आणि मरते. समुद्रात जात नाही, म्हणून एका नदीतली दुसऱ्या नदीत मिसळत नाही. वाटेत बांध आला तर आणखी पंचाईत. अळ्या प्रवाहाबरोबर खाली वाहून जातात, पण या दुबळ्या पोहणाऱ्या लॅम्प्रेला साधा बुटका बांधही चढवत नाही. वरच्या अंगाला नवे पाठभेद येत नाहीत, असलेलेही पिढ्यांगणिक गळत जातात.

आपले कोल्हापुरी बंधारे वेगळे. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, नदी मोकळी होते. मग आपल्या माशांत वरचे-खालचे असा फरक पडलाय की नाही? मला ते मोजायचंय. पराचा नखाएवढा तुकडा पुरेल. जाळं टाकणारी मंडळी इथे बसलेली दिसतायत. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांची वाम मिळाली, तर मला नक्की कळवा.