पाठराखण

(काळा पडदा. पट्ट्याच्या साखळीची किणकिण. मग लोखंडी दार सरकतं.)

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, बेडफर्ड हिल्स. बायकांचा तुरुंग, कडेकोट बंदोबस्ताचा. हिरव्या कपड्यातली ही बाई इथली कैदी. तिच्या पायाशी पेंगतंय ते लॅब्रॅडॉरचं पिल्लू. आलं तेव्हा जेमतेम आठ आठवड्यांचं होतं. आता मुक्काम तिच्याच कोठडीत. रात्री शू लागली की उठायचं तिनेच.

ग्लोरिया गिल्बर्ट स्टोगा यांनी १९९७ मध्ये ‘पपीज बिहाइंड बार्स’ ही संस्था काढली. पिल्लं शिकवायची ती कैद्यांनी. तेव्हा इथली पिल्लं अंधांना वाट दाखवायला जात. पुढे इराक, अफगाणिस्तानातून माणसं परतू लागली. हातपाय शाबूत, पण हॉटेलात भिंतीला पाठ लावल्याशिवाय न बसणारी. भयंकर प्रसंगानंतर मनात ठाण मांडणाऱ्या या आजाराला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. २००६ पासून काही कुत्री अशा सैनिकांसाठी तयार होऊ लागली.

(जवळून : नाक, भिंत, दिव्याचं बटण.)

हे बटण बघा. पिल्लू उडी मारतं, नाक भिंतीवर घासतं, बटण बाजूलाच राहतं. पुन्हा उडी. पुन्हा भिंत. बाई ओरडत नाही, नुसतं बोट बटणावर टेकवते. खट्! दिवा लागला, खाऊ मिळाला. उद्या कुणाच्या घरी मध्यरात्री माणूस दचकून, घामाघूम होऊन उठेल, तेव्हा हा दिवा लागायचाय.

असे हुकूम कितीतरी. एक आहे ‘पॉप अ कॉर्नर’. कुत्र्याने पुढे होऊन वळणापलीकडे कुणी आहे का, ते बघायचं. दुसरा, ‘गॉट माय बॅक’. माणसाच्या मागे, त्याच्याकडे पाठ करून बसायचं आणि मागून येणाऱ्यावर नजर ठेवायची. आपण पाठराखण म्हणतो ती हीच, अगदी शब्दशः.

तुरुंगात एक पंचाईत असते. इथे मिक्सर नाही, दारावरची बेल नाही, रस्त्यावरची गर्दी नाही. म्हणून शनिवार-रविवारी बाहेरचे स्वयंसेवक पिल्लं घेऊन जातात, तेवढीच जगाची ओळख.

अशा कुत्र्यांच्या चित्रफितींत सैनिक दिसतो, कुत्रा दिसतो. शिकवणारी दिसत नाही. म्हणून आम्ही कॅमेरा आधी इकडे आणला.

(सुपरमार्केट. सैनिक आणि कुत्रा.)

कुत्रा नुसता हवाली करत नाहीत. आधी सैनिकाचीच शिकवणी होते. हुकूम त्याचे पाठ हवेत, कुत्र्याचे झालेलेच असतात.

गुण येतो का? २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, दुसऱ्या एका संस्थेच्या कुत्र्यांवरचा, १५६ जणांचा. औषधोपचार सगळ्यांचे चालूच होते. तीन महिन्यांनी कुत्रा मिळालेल्यांमध्ये आजाराची लक्षणं कमी होती. पीटीएसडी झालेल्या माजी सैनिकांनीच कुत्री शिकवायची, हाही उपचार आजमावण्यासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये कायदा झाला.

ही बिलाची रांग. मागे दोघं येऊन उभे राहिले. त्याने हळूच हुकूम दिला.

(इथून निवेदन नको. कुत्रा वळून बसतो. ट्रॉलीची चाकं, बिलाच्या मशीनचा आवाज तसाच राहू द्या. शेवटी त्याचे हात : पाकीट उघडून तो सुटे पैसे मोजतोय.)