छप्पर नेलं, घर राहिलं

११ ऑक्टोबर १९८४. वर्णभेदाच्या काळातली दक्षिण आफ्रिका. केप टाऊनजवळची कृष्णवर्णीयांची क्रॉसरोड्स वस्ती. सरकारी माणसं येऊन झोपडी मोडून गेलीत. आई आणि तिचं मूल मात्र तिथंच आहेत.

छायाचित्रकार डेव्हिड गोल्डब्लॅट यांनी हा फोटो काढला. खाली लिहिलं: आई आणि मूल, आपल्या घरात. पुढे निवारा पाडणाऱ्या खात्याचं नाव, जागा, तारीख. पंचनाम्यात लिहावं तसं, नेमकं.

या आईचा गुन्हा कोणता? नवऱ्याच्या मागोमाग शहरात येणं, एवढाही पुरेसा होता.

[दृश्य: पासबुकं, म्हणजे कृष्णवर्णीयांना सक्तीनं बाळगावी लागणारी ओळख-परवाना पुस्तकं, तपासणारे पोलीस]

कृष्णवर्णीय माणसाला शहरात ७२ तासांपेक्षा जास्त राहायचं तर हक्क सिद्ध करावा लागे. जन्म तिथला हवा, नाहीतर एकाच मालकाकडे १० वर्षं नोकरी, नाहीतर १५ वर्षांचं कायदेशीर वास्तव्य. पश्चिम केपमध्ये तर नोकरीत पहिला मान मिश्रवंशीयांना, म्हणून परवाने आणखी दुर्मीळ. गोऱ्या सरकारला मजुराचे हात हवे होते. त्याची बायकापोरं नको होती. त्याला पुरुषांच्या हॉस्टेलात एक खाट मिळायची. बायको शेकडो किलोमीटर दूर, ट्रान्सकाय किंवा सिस्काय या कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशांमध्ये.

बायकांनी हे मानलं नाही. १९७५पासून क्रॉसरोड्स उभी राहिली. पत्रे, फळ्या, फांद्यांवर ताणलेलं प्लास्टिक. बायकांची समिती झाली, वस्तीनं स्वतःच्या शाळा काढल्या. झोपड्या पाडल्या की पुन्हा बांधायच्या. इथं नवरा-बायको-मुलं एका छपराखाली जेवायला बसली, तरी तो कायदेभंग होता. म्हणून या वस्त्यांमधले घरातले फोटो मला मोर्चांच्या फोटोंइतकेच धाडसी वाटतात.

[दृश्य: डर्बनजवळचा इनांडा परिसर]

छायाचित्रकार ओमर बादशा डर्बनचे, गुजराती मुस्लिम घरातले. लहान मुलीला उद्देशून त्यांनी केलेल्या छायाचित्रांच्या पुस्तकावर सरकारनं १९७९ साली बंदी घातली. तरी ते थांबले नाहीत. इनांडातल्या झोपडवस्त्यांत त्यांनी काम केलं. गांधीजींचा १९०४ सालचा फिनिक्स आश्रम याच परिसरातला. १९८२ साली बादशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रापिक्स ही छायाचित्रकारांची संस्था सुरू केली. १९८४ साली केप टाऊन विद्यापीठात दारिद्र्यावरची मोठी परिषद भरली, तेव्हा देशभरच्या छायाचित्रकारांची कामं तिथं मांडली गेली. पुढे त्यातून २० जणांचं पुस्तक झालं. तक्त्यांतल्या आकड्यांना चेहरे मिळाले.

[दृश्य: धुराखालची क्रॉसरोड्स]

जुलै १९८६मध्ये शहरप्रवेशावर बंधनं घालणारे हे कायदे रद्द झाले. त्याच्या काही आठवडे आधी, मे-जूनमध्ये, पांढरी फडकी बांधलेल्या टोळ्यांनी पोलिसांच्या पाठबळावर क्रॉसरोड्सच्या आसपासच्या वस्त्या जाळल्या. हजारो कुटुंबं बेघर झाली. सरकारनं शहरापासून दूर वसवलेल्या ज्या खायेलित्शात जायला त्यांनी आजवर ठाम नकार दिला होता, तिथंच आता अनेकांना जावं लागलं.