मोरीतून गेलेला फेस

नमस्कार श्रोतेहो. सकाळी नळाला पाणी आलं की लालबागच्या चाळीत काय नि अंधेरीच्या सोसायटीत काय, बादलीत पावडर पडते, कपडे भिजतात. धुणं झालं की फेस मोरीतून जातो. पुढचं काम जिवाणूंचं.

या पावडरीत बहुधा रेषीय अल्किल बेंझिन सल्फोनेट असतं. नाव अवघड, रूप सोपं: एक डोकं, एक शेपटी. डोकं पाण्याला धरतं, शेपटी तेलकटाला, म्हणून कॉलरचा मळ सुटतो. शेपटी असते 10 ते 13 कार्बन अणूंची सरळ साखळी. जिवाणू तिच्या टोकाला आधी प्राणवायू जोडतात आणि मग दोन-दोन कार्बन तोडत आत सरकतात. आपल्या शरीरात तूप-तेल पचतं ते याच रीतीनं! मला याचं दर वेळी नवल वाटतं. उरलेलं डोकं मात्र चिवट. पार्विबॅक्युलम नावाचा जिवाणू शेपटी खाऊन थांबतो. डोक्यातलं बेंझिनचं कडं, म्हणजे सहा कार्बन अणूंचं वर्तुळ, फोडायला कोमॅमोनाससारखे दुसरे जिवाणू लागतात. शेवटी राहतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फेट.

1950 च्या दशकात ही शेपटी सरळ नव्हती, तिला फाटे होते. फाट्याशी आलं की जिवाणूंचं तोडणं अडायचं. युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचले. जर्मनीनं 1961 मध्ये कायदा केला, अमेरिकेतल्या कारखान्यांनी 1965 मध्ये सरळ शेपटी स्वीकारली.

आता आपल्या मिठी नदीकडे या. विहार-पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ती निघते, माहीमला समुद्राला मिळते. वाटेत तिच्यात सांडपाणी शिरतं. त्यातला मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतो, आणि आपल्या जिवाणूंना तर पहिल्याच घासाला प्राणवायू हवा! तो नसेल तर हे रसायन तळच्या गाळाला चिकटून तसंच पडून राहतं. भांडुप, घाटकोपरच्या मलप्रक्रिया केंद्रांत पाण्यात हवा घुसळतात ती जिवाणूंना हा प्राणवायू मिळावा म्हणूनच. पण नाल्यात सोडलेलं पाणी तिथवर पोचतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढं विचारा: आपल्या मोरीचा पाइप मलवाहिनीला जोडलाय, की मागच्या नाल्यात सोडलाय?