जज्जाच्या दारात रात्री आलेला वर्गमित्र

नमस्कार मंडळी!

जानेवारी १९५९. अमेरिकेतलं अलाबामा राज्य, मॉन्टगोमेरी शहर. रात्री उशिरा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्या दारात त्यांचा लॉ कॉलेजचा जुना सोबती येऊन उभा. जॉर्ज वॉलेस. हाही जज्जच, पण राज्याच्या कोर्टाचा. कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नाव घालू देतात का, हे तपासायला केंद्राचा नागरी हक्क आयोग आलेला. जॉन्सन यांचा हुकूम होता, नोंदवह्या दाखवा. आणि वॉलेस जाहीरपणे सांगत होता, देणार नाही म्हणजे नाही!

त्या रात्री मात्र आवाज एकदम खाली. कोर्टाच्या अवमानाची शिक्षा थोडक्यात आटपशील का? मतदारांसमोर मिरवायला त्याला जेल हवी होती, पण बेताची. जॉन्सन यांचं उत्तर सरळ होतं: वह्या दे, नाहीतर खरंच आत जाशील.

मग वॉलेस साहेबांनी वह्या गुपचूप ग्रँड ज्युरीकडे (खटला भरावा का, हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) दिल्या आणि तिथून त्या आयोगाकडे पोचल्या. बाहेर छाती फुगवलेलीच. जॉन्सन यांनी त्याला चक्क निर्दोष सोडलं, आणि निकालात लिहून ठेवलं की यानं आडमार्गानं का होईना, हुकूम पाळलाय. झाली ना पंचाईत! हुतात्मा व्हायला निघालेला माणूस आज्ञाधारक ठरला.

आता हे ‘फेडरल’ काय प्रकरण? आपल्याकडे एकच जिल्हा न्यायालय केंद्राचे कायदेही चालवतं आणि राज्याचेही. तिकडे दोन वेगळ्या उतरंडी. अलाबामात राज्याचे जज्ज निवडून येतात. फेडरल जज्ज राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, आणि नेमणूक तहहयात. पगारही कापता येत नाही. जॉन्सन यांना १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी फेडरल जिल्हा जज्ज म्हणून नेमलं, म्हणजे केंद्राच्या उतरंडीतली खालची पायरी.

पगार शाबूत, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काय? सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती दूर वॉशिंग्टनला. हा माणूस निकाल देऊन त्याच गावात घरी जेवायला जायचा. १९५६ मध्ये तीन जज्जांच्या पीठानं दोन विरुद्ध एक मतानं मॉन्टगोमेरीच्या बसमधली वर्णभेदी आसनव्यवस्था बेकायदा ठरवली. दोघांतले एक जॉन्सन. मग त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची धमकी द्यायची रीत. १९६७ मध्ये तर आईच्या घरावर बॉम्ब टाकला. ती वाचली.

पण जिल्हा जज्ज म्हणजे काय, ते मला सेल्माच्या खटल्यात दिसतं. सेल्मा हे अलाबामातलंच गाव. ७ मार्च १९६५ ला तिथून मतदानाच्या हक्कासाठी मॉन्टगोमेरीकडे निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी पुलावर झोडपलं. लोकांना वाटलं, जॉन्सन पुन्हा निघायला लगेच परवानगी देतील. त्यांनी उलट आधी मोर्चा थांबवला! सुनावणी होईपर्यंत कुणीही निघायचं नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासाठी हा मोठा पेच होता. नंतर साक्षी झाल्या, मारहाणीची फिल्म कोर्टात दाखवली गेली, आणि १७ मार्चला निकाल आला: अन्याय जेवढा मोठा, तेवढी निषेधाची मोकळीकही मोठी. कायद्याच्या लोकांनी यावर पुढे भरपूर वाद घातले, आणि मला ते वाद रास्तही वाटतात. मोकळीक मोजायची कोणत्या मापानं?

निकालातला व्यवहार मात्र पक्का. महामार्ग जिथे दोनच लेनचा, तिथे फक्त ३०० जणांनी चालायचं. बाकीच्यांनी शहराजवळ सामील व्हायचं. आणि मोर्चाला संरक्षण द्यायची जबाबदारी राज्यपालांवर.

२५ मार्चला सुमारे २५ हजार माणसं मॉन्टगोमेरीच्या विधानभवनासमोर पोचली. आत राज्यपालांचं ऑफिस होतं. राज्यपाल होते जॉर्ज वॉलेस.