एक घर, एक किल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

आज कुलपांबद्दल बोलणार आहे. घराची सगळी दारं एकाच किल्लीनं उघडावीत म्हणून काय करायचं, एवढाच विषय. माझं निम्मं आयुष्य पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे गेलं. गिऱ्हाईक यायचं, भला मोठा जुडगा काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, "सेफ्टी डोअरची डुप्लिकेट हवीय. यातली कुठली ते बघावं लागेल." रोज कुणी ना कुणी असं यायचंच. आणि यावर सोपा उपाय आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसायचं.

उपाय असा, की कुलूप बदलायचं नाही. कुलपाच्या पोटातल्या पिना बदलायच्या. पुन्हा सांगतो, कुलूप तेच, पिना नव्या.

आपल्या नाईट लॅचची चपटी दातेरी किल्ली ज्या पितळी सिलिंडरमध्ये जाते, त्यात एका ओळीत पाच किंवा सहा बारीक भोकं असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. किल्ली आत गेली की तिचे दाते खालच्या पिनांना उचलतात. नेमकी किल्ली असेल तर वरच्या आणि खालच्या पिनांमधले सांधे सगळे एका रेषेत येतात आणि सिलिंडरचा आतला गाभा फिरतो. एखादी पिन जरा वरखाली राहिली की अडला. अमेरिकेतल्या लायनस येलनं १८४८ साली अशा पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे १८६१ मध्ये त्याच्या मुलानं, त्याचंही नाव लायनसच, त्याला आजच्यासारखी चपटी किल्ली दिली. आपल्या दारातलं कुलूप त्याच घराण्यातलं. खालच्या पिना दुसऱ्या किल्लीच्या दात्यांना जुळतील अशा बसवल्या, की कुलूप त्या किल्लीचं झालं.

अट एकच, पण ती पक्की. ती किल्ली मुळात भोकात शिरली पाहिजे. किल्लीच्या अंगावर लांबट खाचा असतात बघा, तशाच कुलपाच्या तोंडालाही असतात. कंपनी बदलली की बहुतेक वेळा त्या खाचा बदलतात. किल्ली शिरलीच नाही तर पिना बदलून काही उपयोग नाही.

हे सगळं मी दुकानात हजारदा सांगितलं असेल. पण ते किती गरजेचं आहे, हे मला आमच्याच इमारतीत कळलं. ती हकीकत सांगतो.

आम्ही कर्वेनगरला राहतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. मुलगी औंधला, जावई आणि नात तिकडेच. आजींच्या घराच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा आमच्याकडे असतो. आमच्या सौभाग्यवतींनी तो देवघराच्या खालच्या खणात ठेवलेला. शेजाऱ्याकडे किल्ली असलीच पाहिजे, या मताचा मी आहे. आणि त्या किल्लीला फ्लॅट नंबर लिहिलेली पट्टी कधी लावू नये, याही मताचा आहे. किल्ली पडली तर पत्ताही सोबत पडतो.

तर पावसाळ्याचे दिवस. रात्री धो धो पाऊस, आणि वीज गेलेली. एवढ्यात आजींचा फोन. आवाज बारीक झालेला. "अहो, मी न्हाणीघरापाशी पडलेय. उठता येत नाहीये मला." फोन त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत होता. मुलीनं ती पिशवी शिवून दिली होती, केवढं बरं झालं!

मी जुडगा घेऊन खाली धावलो, मागोमाग सौभाग्यवती टॉर्च घेऊन. बाहेरच्या सेफ्टी डोअरला एक कुलूप. आतल्या मुख्य दाराला वर नाईट लॅच, आणि खाली मोठ्या हँडलचं मॉर्टिस, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेलं कुलूप, जे आजी रात्री आतून किल्लीनं लावायच्या आणि किल्ली काढून खिळ्याला टांगायच्या. ही शिकवण मुलीचीच, आणि अगदी योग्य. दोन्हीकडून किल्ली लागणाऱ्या साध्या सिलिंडरमध्ये आतल्या बाजूला किल्ली राहिली, तर बाहेरून दुसरी किल्ली चालत नाही. हे ऐकून ठेवा. एकट्या राहणाऱ्या माणसानं आतून किल्ली कुलपात ठेवून झोपू नये.

म्हणजे कुलपं तीन. आणि जुडग्यात किल्ल्या दहा-बारा! मागच्या बाल्कनीच्या दाराची, गच्चीची, जुन्या लेटरबॉक्सची, केव्हाच बदललेल्या एका लॅचची. एक तर हातभर लांब लोखंडी, नारायण पेठेतल्या त्यांच्या वडिलांच्या वाड्यातल्या खोलीची. १९६१ च्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं तेव्हा वडील त्या खोलीला कुलूप लावून पोराबाळांना घेऊन निघाले होते. खोली पुरात गेली, किल्ली राहिली.

आजी आतून सांगतायत, "ती लाल दोरा बांधलेली, ती बाहेरची!" टॉर्चच्या उजेडात मी बघतोय. दोरे तीन किल्ल्यांना. तिन्ही धुऊन धुऊन विटलेले, कुठला लाल आणि कुठला केशरी काही समजेना. एक घातली, शिरलीच नाही. दुसरी शिरली, फिरेना. तिसरी उलटी घातली होती, म्हणून तीही आधी लागली नाही. घामानं हात ओले, जुडगा निसटला आणि पायऱ्यांवरून खणखणत खालच्या वळणावर गेला. आत आजी एकदम गप्प झाल्या. तो क्षण मला अजून आठवतो.

समोरचे दादा पहार घेऊन आले, म्हणाले, "तोडू या का?" कुणी १०१ ला फोन लावत होतं. तेवढ्यात सेफ्टी डोअर उघडलं. मग लॅच उघडलं. मग मॉर्टिस अडलं, कारण पावसानं दार फुगून चौकटीत दाटलं होतं. खांद्यानं दार दाबून धरलं तेव्हा किल्ली फिरली.

इथे जरा थांबून बोलतो. जिन्यात प्रत्येक मजल्यावर बॅटरीवर चालणारा एक दिवा हवाच. सोसायट्या गेटच्या कमानीवर, रंगीत माळांवर खर्च करतात, आणि जिन्यात वीज गेली की मिट्ट काळोख. वार्षिक सभेत हा विषय मांडा, माझं मनापासून सांगणं आहे.

आजींच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आता त्या वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत जातात, तुळशीला पाणी घालतात. त्या दवाखान्यातून घरी आल्यावर मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, आईच्या दारांचं काहीतरी करा. मला औंधाहून यायला युनिव्हर्सिटी चौकात तास जातो. तुमच्या हातात एकच किल्ली असायला हवी."

मी माझ्या ओळखीच्या किल्लीवाल्याला घरी बोलावलं. हा पोरगा फुटपाथवर बसतो, पण हात घड्याळजीचा आहे. आजी कॉटवर बसून सगळं बघत होत्या. त्यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. म्हणाल्या, "अरे बाळा, एक किल्ली हरवली तर सगळं घर उघडं! वेगवेगळ्या असतात त्या काय उगाच?"

त्यानं त्यांचाच जुडगा उचलून त्यांच्या हातात दिला. "आजी, या सगळ्या एकाच कड्यात आहेत. हरवल्या तर एकच हरवते का? सगळ्याच जातात ना?"

आजींनी जुडग्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कर मग."

श्रोतेहो, याहून चांगलं उत्तर मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

त्यानं टीपॉयवर पांढरा पंचा पसरला, म्हणजे पिन पडली तरी दिसते, घरंगळत नाही. मुख्य दाराच्या लॅचची किल्ली आजींच्या हाताला सवयीची, म्हणून तीच धरायची ठरली. मॉर्टिस त्याच कंपनीचं, त्याच खाचेचं, म्हणून किल्ली त्यात शिरत होती. दाराच्या कडेला पट्टीवरचा लांब स्क्रू काढला, किल्ली थोडी तिरपी फिरवली आणि सिलिंडर अलगद बाहेर ओढला. मागची क्लिप काढली. मग गाभा बाहेर ढकलताना त्याच्या मागोमाग तेवढ्याच जाडीची पितळी कांडी सरकवत नेली. ही कांडी नसेल तर वरच्या पिना आणि स्प्रिंगा टणाटण उडतात, आणि त्या एवढ्या बारीक, की फरशीवर शोधत बसावं लागतं. जुन्या खालच्या पिना त्यानं पंचावर उलट्या केल्या. गाभ्यात लॅचची किल्ली घातली आणि डबीतून चिमट्यानं एकेक पिन उचलून भोकात सोडू लागला. उंच झाली की काढ, बुटकी झाली की काढ. प्रत्येक पिनेचा माथा गाभ्याच्या पाठीशी बरोबर सपाट आला पाहिजे. झाल्यावर त्यानं गाभा आजींच्या पुढे धरला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "लागत नाही रे काही," म्हणाल्या. लागत नाही म्हणजे जमलं.

बाल्कनीच्या दाराचंही असंच झालं. सेफ्टी डोअरचं कुलूप मात्र दुसऱ्या कंपनीचं निघालं, किल्ली तोंडातच अडली. तिथे नवं, पहिल्या दोघांच्या कंपनीचं कुलूप आणावं लागलं, आणि मग त्याच्या पिना बदलल्या. अट पुन्हा तीच. आधी किल्ली शिरते का ते बघा, मग पिनांचं बोला.

आता आजींकडे एक किल्ली, मुलीकडे एक, आमच्याकडे एक. वाड्याची ती लांब किल्ली आजींनी वेगळी काढून ठेवलीय.

आता तुमच्या कामाच्या दोनचार गोष्टी.

लिव्हरची कुलपं, म्हणजे आपली जाड गोल दांड्याची किल्ली लागणारी बरीचशी जुनी कुलपं, यांच्या पोटात पिना नसतात, पट्ट्या असतात. त्यांना हा उपाय लागू नाही. ती आपल्या जागी उत्तम आहेत, गच्चीला, मीटरच्या खोलीला वापरा. ज्यांना आपण कॉम्प्युटर की म्हणतो, त्या खळगे असलेल्या किल्ल्यांची कुलपं पिनांचीच असतात, पण रस्त्यावरच्या किल्लीवाल्याला ती सगळी जमतीलच असं नाही. त्यांच्या बाबतीत दुकानातच एका किल्लीचा सेट मागा. चारही दारांचे सिलिंडर एकदम घेणार असाल तर "कॉमन की हवी" असं घेण्याआधीच सांगा.

कॉमन की आणि मास्टर की यांत गल्लत करू नका. कॉमनमध्ये सगळ्या कुलपांना एकच किल्ली. मास्टरमध्ये प्रत्येक कुलपाला स्वतःची किल्ली आणि वर सगळी उघडणारी एक. त्यासाठी पिनांच्या मध्ये आणखी तुकडे घालावे लागतात, म्हणजे कुलूप फिरण्याच्या जागा वाढतात आणि ते तेवढं कच्चं होतं. वसतिगृहाला, ऑफिसला मास्टर ठीक. घराला कॉमनच.

कपाटाची तिजोरी यात आणू नका. भाडेकरू ठेवलेल्या खोलीचं कुलूपही नको.

नव्या फ्लॅटचा ताबा घेतलात किंवा भाडेकरू गेला, तर त्याच आठवड्यात पिना बदलून घ्या. बांधकाम चालू असताना सुतार, रंगारी, प्लंबर, साइटवरचा वॉचमन, किती हातांतून किल्ली गेली असेल याचा हिशोब कुणाकडेच नसतो. माणसं प्रामाणिक असतात, माझा विश्वास आहे. पण आपली किल्ली किती जणांकडे आहे, हे घरच्या बाईला आणि घरच्या पुरुषाला दोघांनाही ठाऊक असलं पाहिजे. मुलांनाही. शाळकरी मुलाला दार उघडता-लावता यायलाच हवं, त्याशिवाय त्याला घर आपलं वाटत नाही.

तेलाचं सांगतो. सिलिंडरमध्ये खोबरेल घालू नका. गोडेतेल तर नकोच. धूळ बसून आत राळ होते आणि पिना चिकटतात. ग्रॅफाइटची भुकटी मिळते, ती चिमूटभर फुंकरा. ती नसेल तर पेन्सिलचं शिसं किल्लीच्या दात्यांवर घासा आणि किल्ली आतबाहेर करा. पावसाळ्यात किल्ली जड लागली तर आधी दार फुगलंय का बघा. दार दाबून किल्ली हलकी फिरली, तर दोष दाराचा, कुलपाचा नाही. सुताराला बोलवा, किल्लीवर जोर करू नका. मोडलेली किल्ली आतून काढणं फार कटकटीचं असतं.

आणि काम झालं की किल्लीवाल्याला लगेच जाऊ देऊ नका. दार उघडं ठेवूनच, हो, उघडं ठेवूनच, कुलूप लावा आणि उघडा. तयार केलेली प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपात, आतल्या बाजूनं आणि बाहेरच्या बाजूनं, दोन-तीनदा फिरवून बघा. काढलेल्या जुन्या पिना मागून घ्या. शेजाऱ्यांकडची जुनी किल्लीही त्याच दिवशी परत घेऊन नवी द्या, आणि एकदा त्यांच्याच हातानं दार उघडून घ्या.

नमस्कार.